घरच्या एस्प्रेसोसाठी यंत्र निवडताना : आधी पाणी, मग यंत्र

ठाणे, प्रतिनिधी

लग्नाच्या स्वागतसमारंभात कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र, त्यातून फेसाळून निघणारे गोड दूध आणि वर भुरभुरलेली कोको पावडर, ही आपल्याकडच्या दोन पिढ्यांना ठाऊक असलेली ‘एस्प्रेसो कॉफी’. वास्तविक त्या पेल्यात एस्प्रेसो नसतेच. झटपट विरघळणारी कॉफी घातलेले, वाफेने तापवलेले दूध असते. १९९६ मध्ये बंगळुरूत ‘कॅफे कॉफी डे’ची पहिली शाखा निघाली, २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी ‘स्टारबक्स’ आले आणि खरी एस्प्रेसो शहरी मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. आता ती घरच्या ओट्यावर आणण्याची हौस आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सदनिकेत लाख-दोन लाखांचे यंत्र दिसले तर त्याचे फारसे नवल वाटत नाही.

एवढी रक्कम खर्च करताना ग्राहक माहितीपत्रकातील दाब, वॅट आणि बॉयलरची तुलना करतो. परंतु या रस्त्यावर राहणाऱ्याने जी गोष्ट सर्वप्रथम तपासायला हवी, ती माहितीपत्रकात नसते. ती म्हणजे घरात येणारे पाणी.

एस्प्रेसो म्हणजे नेमके काय?

१९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तो दाब कमी होता आणि कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला आणि कपावर तांबूस साय धरू लागली. १९६१ मध्ये ‘फाएमा’ कंपनीच्या ‘ई-६१’ या यंत्राने हाताच्या दांड्याऐवजी विजेचा पंप आणला. आजची बहुतेक घरगुती उंची यंत्रे याच परंपरेतील आहेत.

प्रचलित प्रमाण असे : १८ ग्रॅम बारीक पूड, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, सुमारे ९ बार दाब आणि २५ ते ३० सेकंदांत कपात उतरलेली ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. खोक्यावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा आहे. तेवढ्या दाबाची कॉफीला गरज नसते.

बॉयलरचे तीन प्रकार

कॉफीला ९३ अंशांच्या आसपासचे पाणी लागते, तर दूध फेसाळण्यासाठी १२० अंशांहून अधिक तापमानाची वाफ. ही दोन तापमाने यंत्र कसे सांभाळते, यावर त्याचा वर्ग आणि बहुतांशी किंमतही ठरते.

एक बॉयलरच्या यंत्रात दोन्ही कामे आळीपाळीने होतात. कॉफी काढून झाली की कळ दाबून वाफेची वाट पाहावी लागते. गाजिया क्लासिक आणि रांचिलिओ सिल्व्हिया ही या वर्गातील प्रसिद्ध नावे. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्या एक-दोन माणसांच्या घराला असे यंत्र पुरते.

उष्णता-विनिमय पद्धतीत वाफेचा एकच मोठा बॉयलर असतो आणि कॉफीचे पाणी त्यातून जाणाऱ्या नळीत तापते. कॉफी आणि दूध एकाच वेळी करता येते. मात्र यंत्र बराच वेळ नुसते उभे राहिले, की नळीतील पाणी जास्त तापते. ते थोडे सोडून देऊन मगच कॉफी काढावी लागते.

दोन बॉयलरच्या यंत्रात कॉफीचे आणि वाफेचे तापमान स्वतंत्रपणे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाद्वारे राखले जाते. ला मार्झोको कंपनीची ‘लिनिआ मिनी’ हे याचे ठळक उदाहरण. रविवारी सहा-आठ पाहुण्यांना एकामागून एक कपुचिनो द्यायचे असेल तर याला तोड नाही. किंमतही तशीच असते. या श्रेणीतील वरच्या यंत्रांसाठी आपल्याकडे पाच लाखांच्या पुढेही मोजावे लागतात.

घोडबंदरचे पाणी

घोडबंदर रोडच्या पाणीटंचाईची कहाणी ठाणेकरांना नवी नाही. २०१७ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अनेक संकुलांत महापालिकेचे पाणी, विंधणविहिरीचे पाणी आणि टँकरचे पाणी एकाच टाकीत पडते. धरणातून वा नदीतून येणारे पाणी साधारणतः हलके असते, विंधणविहिरीचे जड. त्यामुळे जुलैत नळाला येणारे पाणी आणि एप्रिलअखेर येणारे पाणी एकसारखे असेलच असे नाही. खाडीकाठच्या विहिरीत खारटपणाचीही भर पडू शकते.

गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडांवर जे पांढरे पुट चढते, तेच यंत्राच्या बॉयलरमध्ये आणि सुईच्या जाडीच्या छिद्रांत चढते. एक बॉयलरच्या साध्या यंत्रातील पुट मालकाला विशिष्ट द्रावणाने घरीच काढता येते. उष्णता-विनिमय व दोन बॉयलरच्या यंत्रांत नळ्या, झडपा आणि संवेदक अधिक असतात. अनेक उत्पादक तेथे हा घरगुती उपाय करूच नये असे बजावतात, कारण सुटलेले कण पुढे जाऊन अडकतात. क्षारांमुळे झालेला बिघाड बहुतेक हमीपत्रांत वगळलेला असतो. यंत्र जितके महाग, तितके ते पाण्याच्या बाबतीत नाजूक, हे म्हणूनच लक्षात ठेवावे.

मग आरओचे पाणी वापरले की झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्याची कॉफी बेचव लागते. शिवाय असे पाणी धातूला झिजवू शकते आणि ज्या यंत्रांत पाण्याची पातळी विद्युतवाहकतेवरून ओळखली जाते, त्यांना टाकी भरलेली असूनही ती रिकामी वाटू शकते. कॉफी व्यवसायात लिटरमागे ७५ ते २५० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार आणि साधारण १५० हे इष्ट प्रमाण, असा दंडक दीर्घकाळ प्रचलित आहे.

त्यामुळे यंत्राची मागणी नोंदवण्याआधी काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्यावा. महिनाभर दर आठवड्याला, आणि टँकर आला त्या दिवशी आवर्जून, नळाचे व आरओचे पाणी मोजून आकडे लिहून ठेवावेत. हा मीटर सर्व क्षार एकत्र मोजतो, त्यातील जडपणा किती हे सांगत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणाऱ्या चाचणीपट्ट्या उपयोगी पडतात. आरओमधील मिश्रणाची कळ एकदा बसवून विसरू नये. टाकीतले पाणी बदलले की मिश्रणही बदलते. पाणी सतत बदलत असेल तर बाटलीबंद पाण्याचा एकच छाप मोजून, पारखून यंत्रापुरता ठेवणे हा सोपा मार्ग आहे.

याच कारणास्तव यंत्र थेट नळाला जोडण्याचा मोह येथे टाळलेला बरा. पाणी बंद असण्याचे दिवस आणि टाकीच्या तळाचा गाळ लक्षात घेता, हाताने भरायच्या टाकीचे यंत्रच सोयीचे ठरते.

ओटा, वीज आणि आवाज

मोठी यंत्रे २० ते ३० किलो वजनाची असतात. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतचे अंतर मोजावे. पाण्याची टाकी बहुधा वरून काढावी लागते. विजेसाठी १६ अँपिअरचा, अर्थिंग नीट असलेला सॉकेट हवा. ‘ई-६१’ पद्धतीचे जड पितळी तोंड पुरते तापण्यास अर्धा तास लागतो, त्यामुळे सकाळची घाई असलेल्यांनी वेळेवर आपोआप सुरू होण्याची सोय पाहावी. पंपाचे दोन प्रकार असतात. कंप पावणारा पंप स्वस्त, पण घरघरणारा. फिरता पंप शांत, पण महाग. पहाटे साडेपाचला कॉफी घेऊन लोकल पकडणाऱ्याच्या शेजाऱ्यांना हा फरक कळतो.

परदेशातील नातेवाईकांकरवी यंत्र आणवण्याचा विचारही केला जातो. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते, ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळेल. युरोपातील यंत्राला केवळ प्लग बदलावा लागतो. परंतु हमी सहसा त्या देशापुरतीच असते. गॅस्केट बदलायला कोण येणार, सुटे भाग कोठे मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. घोडबंदर रोडची वाहतूककोंडी ओलांडून तंत्रज्ञ कासारवडवलीपर्यंत येतो का, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

ग्राइंडर आणि बिया

चटणीच्या मिक्सरमधून एस्प्रेसोची पूड होत नाही. पाते बिया चिरडते आणि काही भरड, काही धूळ असे मिश्रण हाती येते. स्वतंत्र, चकत्यांचा ग्राइंडर अपरिहार्य आहे. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा त्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यातील दमट हवेत तीच पूड वेगळी वागते, म्हणून दळण सूक्ष्म अंतराने बदलता येणारा ग्राइंडर घ्यावा. बियांसाठी दूर जावे लागत नाही. चिकमगळूर व कोडगूची कॉफी उपलब्ध आहे आणि पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ तर युरोपातील मिश्रणांतही वापरली जाते. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात तेरा-चौदा कप होतात, हा हिशेबही आधी मांडावा.

कोणी काय घ्यावे?

* बिनदुधाची कॉफी पिणारी एक-दोन माणसे, पाणी अस्थिर : एक बॉयलरचे यंत्र आणि चांगला ग्राइंडर.
* रोज तीन-चार कप दुधाची कॉफी, पाणी मोजून वापरण्याची तयारी : उष्णता-विनिमय पद्धतीचे यंत्र.
* पाहुण्यांची वर्दळ, पाण्याची पक्की व्यवस्था आणि जवळ सेवा केंद्र : दोन बॉयलरचे यंत्र.
* यांपैकी कशाचीच खात्री नसेल तर : सहा महिने मोका पॉट. त्याला वीज लागत नाही आणि आतले पुट डोळ्यांना दिसते.

शेवटच्या पर्यायाला कमीपणा मानू नये. मोका पॉटमधून एस्प्रेसोच्या दाबाची कॉफी मिळत नाही हे खरे. पण त्या सहा महिन्यांत आपल्या घरी कॉफी किती प्यायली जाते आणि टाकीत पाणी कोणते येते, ही दोन्ही उत्तरे मिळतात. लाखांची खरेदी त्यानंतर केली तर पश्चात्तापाची वेळ सहसा येत नाही.