रात्रीच्या डाकोटाची रेषा

जुन्या पंख्याच्या विमानात बसून हौसेने फेरी मारायला युरोप-अमेरिकेत आजही लोक पैसे मोजतात. आपल्याकडे मात्र हे विमान हौसेचे नव्हते, ते टपालाचे होते. डग्लस डीसी-३, म्हणजे आपला ‘डाकोटा’, १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाला. दोन इंजिने, साधारण एकवीस आसने आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. म्हणून उंचीही बेताचीच. महायुद्ध संपल्यावर लष्कराची ही विमाने स्वस्तात विक्रीला निघाली आणि त्यांच्या बळावर भारतात खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून साधे पत्रही जादा आकार न देता विमानाने जाऊ लागले.

यात यवतमाळ कोठे येते, हे पाहण्यासाठी मी नकाशावर पट्टी ठेवली. मुंबई-नागपूर ही सरळ रेषा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून, वर्धा नदीच्या किंचित पलीकडून जाते. नागपूर-मद्रास रेषा वणीच्या पूर्वेकडून खाली उतरते. वैमानिक पट्टीच्या रेषेवरच उडत होते, असा माझा दावा नाही. पण दोन्ही मार्ग जिल्ह्याला कडेकडेने स्पर्शून जात, एवढे अनुमान काढता येते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला त्या काळी खाली दिसणार काय? अंधारच. हवाई दर्शन घडले असेल तर ते खालच्यांना, सरकणाऱ्या दिव्याचे.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण १ ऑगस्ट १९५३ रोजी झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १२ डिसेंबरच्या पहाटे, मद्रासकडे निघालेला डाकोटा नागपूरहून उडताच कोसळला. चौदांपैकी तेरा जण मरण पावले. त्यांत कामगार नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो फक्त वैमानिक.

आणि पत्राचे काय? दिल्लीहून एका रात्रीत नागपूर गाठणाऱ्या लिफाफ्याला यवतमाळपर्यंतचे उरलेले दीडशेएक किलोमीटर जमिनीवरूनच तोडावे लागत. जिल्ह्याची स्वतःची आगगाडी म्हणजे मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला. तिला वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. आकाशातली गती आणि जमिनीवरची गती यांतले हे अंतर मला या इतिहासाचे खरे सूत्र वाटते. आज यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे. पण विकास डोक्यावरून जातो की दारात उतरतो, हा प्रश्न डाकोटाच्या काळाइतकाच ताजा आहे.