बाप्तिस्म्यानंतरची बावीस वर्षे



माणूस ज्या दिवशी धर्मांतर करतो त्या दिवसाची नोंद राहते. त्यानंतर तो काय होत गेला याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या बाबतीत असेच झाले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ब्राह्मण समाजात केवढी खळबळ उडाली, लक्ष्मीबाईंवर कोणता प्रसंग ओढवला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु १९१७ साली त्याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, हे विचारले तर सांगणारे थोडेच निघतील. आमच्या मते ही दुसरी घटना पहिलीइतकीच मोठी आहे, आणि एका अर्थी अधिक अवघड आहे.

बीडच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे कोणी म्हणेल. आष्टी-पाटोद्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो. आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. त्या नगरात टिळकांच्या ख्रिस्ती आयुष्याचा मोठा भाग गेला. आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हे. तथापि बाप्तिस्म्यानंतर माणसाने कसे वाढावे, हा प्रश्न केवळ चर्चच्या भिंतीआडचा आहे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या युनियनमध्ये वर्गणीची पावती फाडली की माणूस सभासद होतो. कार्यकर्ता व्हायला पुढची दहा वर्षे लागतात, आणि कित्येक जण होतच नाहीत. गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याची गोष्ट निराळी नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात ही जाणीव पहिल्यापासून आहे. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांस पत्र लिहिले, तेव्हा तो जुना, मान्यता पावलेला प्रेषित होता. तरी त्या पत्रात तो आपण पोहोचलो असे म्हणत नाही. अजून धावतो आहे असे म्हणतो. आपल्या पंडिता रमाबाईंनी तर ही गोष्ट फारच रोखठोक सांगितली. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, त्यांचे नाव देशोदेशी झाले. आणि १९०७ साली आपली साक्ष लिहिताना या बाई सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले! ज्यांच्या धर्मांतराकडे सगळे जग बोट दाखवीत होते, त्यांनी हे छापून प्रसिद्ध करावे, याला धैर्य लागते.

आता टिळकांकडे वळू. त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतात निष्णात, कवी, वक्ते, आणि पायाला चक्र लागलेले. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत ते ख्रिस्ती झाले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईस आणि १८३१ साली नगरास आलेले. टिळक नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

येथे कामगार चळवळीतल्या माणसाची नजर एका गोष्टीवर अडते. ती म्हणजे पगार. धर्मांतर केलेला मनुष्य घरातून तुटे, गावातून तुटे, त्याची भाकर बंद होई. नगरकडील बहुतेक ख्रिस्ती मंडळी गावकुसाबाहेरून आलेली. त्यांना तर मुळातच आधार नव्हता. मिशनने शाळा काढल्या, दुष्काळात जीव वाचविले, शिक्षक आणि उपदेशक म्हणून नोकऱ्या दिल्या. त्यांचा उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्या हातून दरमहा वेतन घ्यायचे त्याच्याशी बंधू म्हणून बोलणे कठीण असते. प्रार्थनेत दोघेही देवाची लेकरे, आणि कचेरीत एक धनी, दुसरा चाकर. शिवाय बाहेरचे लोक म्हणणारच, की हा पगारासाठी ख्रिस्ताचे नाव घेतो.

टिळकांना हे सलत होते. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता; भांडण व्यक्तींशी नव्हते, त्या नात्याशी होते. मराठी माणसाने ख्रिस्ताकडे परक्या वाटेने जाण्याचे कारण नाही, अशी त्यांची खात्री होत गेली. अभंग, कीर्तन, टाळमृदंग ही त्यांना आपल्या घरची साधने वाटू लागली. ‘अभंगांजली’ लिहिणारे टिळक हे याच वाढीचे फळ. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातील त्यांची पदे मराठी चर्चमधून आजही गाइली जातात.

बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यास पत्करला. वय छप्पनच्या घरात, घरी बायकामुले. सुखवस्तू तरुणाने त्याग करणे आणि या वयात बांधलेली मिळकत सोडणे, या दोहोंत अंतर आहे. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात घरी गेलेल्या माणसाला ते विचारा. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. ज्या विधीपायी घरदार उद्ध्वस्त होण्याची वेळ आली, त्याच विधीला त्यांनी दाराची अट केले नाही! काही ख्रिस्ती बांधवांना हे रुचले नसल्यास नवल नाही. पण दोन वर्षे पुरती झाली नाहीत तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. दरबार मात्र त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

लक्ष्मीबाईंचा क्रम नेमका उलटा. पतीच्या धर्मांतरानंतर त्या पाच वर्षे आपल्या धर्मात राहिल्या. सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या या बाईंनी एके दिवशी स्वतःच विचार केला, की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरविले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. म्हणजे वाढ आधी आणि विधी मागून! पतीने त्यांना चार अक्षरे शिकविली होती, शाळा अशी नव्हतीच. तरी ‘स्मृतिचित्रे’ त्यांनीच लिहिली, १९३४ ते १९३६ या वर्षांत ती प्रसिद्ध झाली. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ साली त्या वारल्या, आणि ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली.