मुळशीचे पाणी आणि मोटारीचा ताळेबंद

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, जिथे टाटांच्या धरणाचे काम चालू झाले होते, तिथे सुमारे बाराशे माणसे जाऊन बसली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. ‘आमची जमीन बुडवू नका’ एवढीच त्यांची मागणी होती. मुळशी सत्याग्रहाचा हा प्रारंभ.

या घटनेचा आजच्या मोटार कंपनीच्या वार्षिक अहवालाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. भांडवली बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीला आज दरवर्षी एक तक्ता भरावा लागतो : प्रकल्पाचे नाव, राज्य, जिल्हा, बाधित कुटुंबांची संख्या, त्यांपैकी किती टक्क्यांचे पुनर्वसन चालू आहे, वर्षभरात किती रक्कम दिली. हे रकाने अहवालात येण्यास मुळशीपासून शंभर वर्षे लागली.

आधी त्या काळचा हिशेब पाहू.

मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरात चालत होत्या. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो कोकणात उतरवायचा आणि त्या उतारावर वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसरी योजना मुळशीची. त्यासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाते. ते पश्चिमेकडे वळवून कोकणात भिरा येथे सोडायचे होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना देखणी होती, यात वाद नाही. वीज स्वच्छ, कोळशाची बचत मोठी, गिरण्यांना स्वस्त शक्ती. कंपनीच्या वहीत ही सारी जमेची बाजू व्यवस्थित मांडता येत होती.

खर्चाच्या बाजूला मात्र एकच आकडा होता : भूसंपादनाचा मोबदला. तो १८९४ च्या कायद्यान्वये ठरायचा, आणि तो कायदा मालकी ओळखायचा, उपजीविका नव्हे. मुळशी पेट्यातल्या कितीतरी भातखाचरांची मालकी तोवर सावकारांकडे गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या तीच खाचरे कसणारा मावळा कायद्याच्या नजरेत कूळ होता. म्हणजे जमीन बुडाली तर मोबदला एकाला मिळणार आणि परागंदा दुसऱ्याने व्हायचे. सुमारे पन्नास गावे या पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर पिकवणाऱ्या त्या खोऱ्याची किंमत एकरी दरात बसवली गेली. गावची देवळे, स्मशाने, गुरांच्या वाटा, परस्परांचा शेजार यांना दर नव्हताच.

सत्याग्रहाचे नेतृत्व विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले. पारनेरच्या बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले. मोबदला घेऊन मोकळे व्हावे असे म्हणणारे आणि जमीन सोडणार नाही म्हणणारे यांच्यात फूट पडली. ती बरीचशी मालक आणि कूळ यांच्यातलीच फूट होती. १९२४ अखेर लढा मावळला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. त्या वर्षीच्या ताळेबंदात धरण ‘मालमत्ता’ या सदरात आले. तिथे ते योग्यच होते. गावे कोणत्याच सदरात आली नाहीत.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताळेबंद खोटा नव्हता. ताळेबंदाला कुंपण असते, आणि कुंपणाबाहेरचे त्याला दिसत नाही. कंपनीची वार्षिक कामगिरी मोजण्याचा पुढचा सारा इतिहास हे कुंपण सरकवण्याचा इतिहास आहे.

आता मोटारीकडे वळू. टाटांची टेल्को, म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, १९४५ साली जमशेदपूरला रेल्वे इंजिने बांधण्यासाठी निघाली. (टाटा पॉवर वेगळी, टेल्को वेगळी, घराणे एक, वह्या निराळ्या.) १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने तिने मालमोटारी बांधल्या आणि १९६६ मध्ये ती पिंपरी-चिंचवडला आली. १९५६ च्या कंपनी कायद्याने ताळेबंदाचा ठरावीक नमुनाच घालून दिला होता. भागधारकाला कळायला हवे ते सारे त्यात होते : नफा, तोटा, घसारा, कर्ज, लाभांश. कारखान्याने किती पाणी प्यायले आणि किती धूर सोडला, हे भागधारकाला कळण्याची गरज आहे असे तेव्हा कोणाला वाटत नव्हते.

टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांना मात्र काहीतरी वाटत होते. पुण्याच्या त्या उघड्या माळावर त्यांनी कारखान्याबरोबरच झाडे लावली, तलाव केला. ‘सुमो’ या गाडीचे नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. झाडांची गोष्ट कमी जणांना. हिशेबनिसाच्या दृष्टीने ती झाडे मोठी अडचणीची. यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने उतरते. झाड दरवर्षी वाढते, पण त्याची वाढ कुठे लिहायची? मुळगावकरांनी ती लिहिली नाही. तो मालकाच्या सद्भावाचा काळ होता, आणि सद्भावाची अडचण अशी की तो ज्याच्यापाशी असतो त्याच्यापुरताच असतो. मुळशीच्या कुळाला त्याचा आधार नव्हता.

सद्भाव लेखी आणण्याचा पहिला ठळक प्रयत्नही टाटांच्याच घरात झाला. १९७० मध्ये जे. आर. डी. टाटांच्या पुढाकाराने समूहातील प्रमुख कंपन्यांच्या नियमावलीत ग्राहक, कामगार आणि समाज यांच्याविषयीची बांधिलकी घातली गेली. १९७९ मध्ये टिस्कोने, म्हणजे पोलाद कंपनीने, ती बांधिलकी पाळली जाते की नाही हे तपासायला बाहेरची माणसे बोलावली : मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि प्रा. पुरुषोत्तम गणेश मावळंकर. हे मावळंकर लोकसभेच्या पहिल्या सभापतींचे पुत्र, अहमदाबादच्या मराठी घरातले. या समितीचा अहवाल भारतातले पहिले ‘सामाजिक लेखापरीक्षण’ मानला जातो. मुळशीच्या आठवणीतून हे घडले असे म्हणणे घाईचे होईल. पण ज्या घराण्यावर १९२१ साली ‘तुमची वही अपुरी आहे’ असा आक्षेप आला, त्याच घराण्याने सहा दशकांच्या आत वहीबाहेरचे तपासायला परके लोक आणले, हा योग नोंदवण्याजोगा आहे.

मग कायदा आला, हप्त्याहप्त्याने. १९८८ च्या नियमांनी संचालकांच्या अहवालात ऊर्जाबचतीची माहिती मागितली. १९९३ पासून कारखान्यांना दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘पर्यावरण विवरणपत्र’ द्यावे लागू लागले. त्यात एका नगामागे किती पाणी लागले, हा प्रश्न आहे. प्रश्न साधा, पण ‘एका नगामागे’ हे दोन शब्द पुढे फार महत्त्वाचे ठरले.

याच सुमारास वार्षिक मोजमापाची दुसरी मर्यादाही दिसली. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका आणली, आणि २००० - ०१ या वर्षाचा ताळेबंद ५०० कोटी रुपयांचा तोटा दाखवून गेला. पुण्यात त्या तोट्याची चर्चा घराघरांत झाली. इंडिका हीच चूक, असे म्हणणारे कमी नव्हते. २००२ - ०३ मध्ये कंपनी नफ्यात परतली, त्याच इंडिकेच्या बळावर धरून. कुंपण जसे जागेचे असते तसे काळाचेही असते. एका वर्षाच्या खिडकीतून पाहिले तर पेरणी हा खर्चच दिसतो. आणि उलटही खरे : आज सोडलेला धूर पन्नास वर्षांनी ज्याला भोवेल, त्याचे वर्ष या खिडकीत येतच नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायला सांगितले. तो उपाय मध्यम प्रतीचा. नफा कसा मिळवला हे न विचारता नफ्यातून काय दिले एवढेच तो विचारतो. त्याहून खोल गेली सेबी. २०१२ मध्ये तिने पहिल्या शंभर कंपन्यांकडून व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल मागितला, आणि २०२१ मध्ये त्याचे विस्तृत रूप जाहीर केले : व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल, उद्योगजगताच्या बोलीत ‘बीआरएसआर’. २०२२ - २३ पासून तो बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा आहे. त्यातल्या गाभ्याच्या आकड्यांची त्रयस्थाकडून पडताळणी २०२३ - २४ पासून, पहिल्या दीडशे कंपन्यांपासून सुरू झाली.

हा अहवाल वाचायचा कसा? एक काल्पनिक कारखाना घेऊ. पहिल्या वर्षी एक लाख मोटारी, प्रत्येकीमागे पाच हजार लिटर पाणी. काही वर्षांनी दीड लाख मोटारी, प्रत्येकीमागे चार हजार लिटर. अहवालात ठळक अक्षरांत छापले जाईल की नगामागे पाण्याचा वापर वीस टक्क्यांनी घटला. ते खरेच आहे. पण एकूण पाणी ५० कोटी लिटरवरून ६० कोटी लिटरवर गेले, हेही खरे आहे. नदीला एकूण पाणी कळते. तिला नग मोजता येत नाहीत.

धुराचेही असेच. कारखान्यात जळलेले इंधन हा पहिला वर्ग, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर हा दुसरा. हे दोन्ही सांगणे सक्तीचे आहे. पुरवठादारांकडचा आणि विकलेल्या मोटारी रस्त्यावर धावताना होणारा धूर तिसऱ्या वर्गात मोडतो, आणि त्याचा रकाना बीआरएसआरमध्ये ऐच्छिक भागात आहे. वस्तुतः मोटार कंपनीच्या धुराचा बहुतांश याच तिसऱ्या वर्गात असतो. तेव्हा ज्या मोटार कंपनीचा अहवाल पहिल्या दोन वर्गांवर थांबतो, तो मुळशीच्या जुन्या ताळेबंदासारखाच : खरा, पण कुंपणाआतला.

आज मुळशी तालुक्याचे पूर्वेकडचे टोक ओळखू येत नाही. हिंजवडी आणि माण येथे माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी आहे. मोटारींच्या आरेखनाचे काम करणारी टाटा टेक्नॉलॉजीज हिंजवडीचीच. पिरंगुटच्या बाजूला कारखाने आहेत. एकाच तालुक्यात पश्चिमेला धरणाचे पाणी, पूर्वेला मोटारीचे संगणकावरचे चित्र, आणि मध्ये पौड, तालुक्याचे ठाणे.

सुरुवातीला सांगितलेला तक्ता बीआरएसआरच्या आठव्या तत्त्वाखाली येतो. जिल्ह्याचा रकाना तिथे आहे, बाधित कुटुंबांचाही आहे. पण तो विचारतो फक्त ज्यांचे पुनर्वसन सध्या चालू आहे त्या प्रकल्पांविषयी. १९२७ साली पुऱ्या झालेल्या प्रकल्पासाठी त्यात ओळ नाही. मुळशीचे पाणी आजही पश्चिमेकडेच, भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, आणि ते पुन्हा पूर्वेला, भीमेच्या तहानलेल्या खोऱ्याकडे वळवावे ही मागणी पुण्यात अधूनमधून होत असते.