शब्द सरकारचा, अर्थ कुणाचा?

नांदुऱ्याला मी बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. एकदा एका मुलाने विचारले, "सर, अमुक देश शत्रू आणि तमुक मित्र, हे ठरवते कोण?" मी उलट विचारले, "आपल्या शिवण्याने पाणी बाटते, हे कुणी ठरवले होते?" वर्ग गप्प झाला.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात रचनावाद नावाची एक विचारधारा आहे. (शिक्षकांना प्रशिक्षणात पाजला जातो तो ज्ञानरचनावाद निराळा!) निकोलस ओनफ यांनी १९८९ मध्ये तिला हे नाव दिले. राष्ट्राराष्ट्रांमधले अराजक निसर्गाने दिलेले नाही, राष्ट्रेच आपल्या वागण्यातून त्याला अर्थ देतात, असे अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये मांडले. आम्हाला यात नवल ते काय? जात ही मनातली धारणा आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले होते. धारणा म्हणून तिचा मार काही हलका होत नाही.

प्रश्न आहे तो अर्थ बदलतो कसा, हा. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण यांच्या जोडीला 'जन्मकूळ' या अर्थाचा शब्द आहे. तो घालण्याची सूचना भारताचीच! दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची तक्रार १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेणारा हा देश. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, हेही विसरू नये.

पुढे त्या शब्दाचा आरसा आपल्याच तोंडासमोर आला, तेव्हा सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे. वंश नव्हे हे खरेच; पण जन्मकूळ? १९९६ मध्ये कराराच्या समितीने स्पष्ट केले की जात त्या शब्दात येते. २००१ मध्ये दलित कार्यकर्ते डर्बनच्या जागतिक परिषदेत हा प्रश्न घेऊन गेले. अंतिम जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द येऊ दिला गेला नाही. पण २००२ मध्ये समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत तो लिहिलाच.

मूल्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे झिरपतात, असे समजणाऱ्या प्रस्थापित पंडितांनी हा प्रवास तपासावा. अर्थात शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, आणि तिने एकही पाणवठा आपोआप खुला होत नाही.

मी फळ्यावर 'जन्मकूळ' लिहिले. त्याच मुलाने विचारले, "सर, सरकारला हा शब्द आता खोडता येईल?"

"करार १९६८ मध्ये आपण मंजूर केला आहे. शब्द तिथेच आहे," मी म्हणालो. त्याने तो वहीत उतरवून घेतला.