उन्हाळा सारखाच, पूल मात्र त्यांच्याकडे

या वीकेंडचा विषय पाण्याचा.

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट अमेरिकेत फिनिक्सला बसतो. फिनिक्स म्हणजे अ‍ॅरिझोनातलं वाळवंटी शहर, उन्हाळ्यात ४५ च्या आसपास जाणारं. परवा कॉलच्या आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी बुटीबोरीचं तापमान सांगितलं तर तो अगदी सहज म्हणाला, "मग संध्याकाळी पूलमध्ये उतरत असशील ना?" 'आमच्याकडे कूलर असतो' असं सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. फिनिक्सच्या उपनगरात घरामागे पूल ही सर्रास गोष्ट. आणि २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री पाहिलेल्या नागपुरात घरी पूल असलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत आहे का?

पहिलं उत्तर अर्थातच 'आपण गरीब, ते श्रीमंत'. पण वर्धा रोडवर दोन गाड्या, होम थिएटर आणि इटालियन मार्बलवाले बंगले कमी नाहीत. तिथेही पूल नसतो. म्हणजे उत्तर अर्धंच आहे. (मुंबईचं कारण वेगळं. दमट हवेत कूलर निकामी, तरी पूल नाही, कारण जागाच नाही.)

इंजिनिअरला प्रश्न पडला की तो आधी गणित मांडतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, दीड मीटर खोल असा मध्यम पूल घ्या. पाणी लागलं ४८,००० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा. म्हणजे चार माणसांच्या घराचं जवळजवळ तीन महिन्यांचं पाणी एका खड्ड्यात. बरं, ते एकदा भरून भागत नाही. मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं असं धरलं तर ३२ चौरस मीटरवरून रोज ३२० लिटर गेले. म्हणजे दोन माणसांच्या वाट्यापेक्षा जास्त, आणि तेही कोणी पाय न बुडवता!

दुसरी अडचण जमिनीची. आपली काळी माती कापसाला झकास, बांधकामाला वैताग. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत पुरलेल्या हौदाच्या भिंतींवर दरवर्षी हा दाब कमी-जास्त होत राहतो. नीट भराव आणि दणकट आरसीसी केलं तर टिकतं, पण खर्च वाढतोच. शिवाय आपला उन्हाळा म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरात बसायचा ऋतू. नवतपात दुपारी उघड्या पूलमध्ये उतरणाऱ्याला आमच्या आजीनं "काऊन रे, ऊन लावून घ्याचं हाय का?" असंच विचारलं असतं.

आणि आपल्याकडे त्याहून हुशार सोय आधीच होती. कोरड्या हवेत पाणी उडताना उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी साधारण ०.६७ युनिट विजेइतकी. पूलमधून उडणारं पाणी ही उष्णता अंगणात ओढतं, माणसाला त्याचा उपयोग थोडाच. वाळ्याचे पडदे दाराला लावून त्यावर पाणी मारणाऱ्यांनी हेच काम घराच्या आत आणलं. पुढे तेच लाकडाच्या भुश्श्याच्या ताट्या लावलेल्या कूलरनं केलं. पूलमधून फुकट उडणाऱ्या ३२० लिटरमध्ये दोन-तीन मोठे कूलर दिवसभर चालतात. गंमत म्हणजे पत्र्याचा 'डेझर्ट कूलर' विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅरिझोनातच वाढला. म्हणजे कूलर त्यांच्याकडेही होता. तरीही त्यांनी पूल बांधले! का?

इथून गणित संपतं आणि इतिहास सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेतही घरचा पूल म्हणजे सिनेनट आणि धनाढ्यांची चैन. युद्धानंतर सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं आली, उपनगरात मोठे प्लॉट मिळाले, आणि सिमेंट-वाळूचं मिश्रण हवेच्या दाबानं फवारून पूल पटकन बांधायचं तंत्र रुळलं. फिनिक्सला धरणांचं पाणी होतंच, १९८० च्या दशकात कोलोरॅडो नदीचं पाणीही कालव्यानं पोचलं.

पण यात आणखी एक कारण आहे, जे पूलच्या जाहिरातीत कधीच दिसत नाही. १९२०-३० च्या दशकांत तिथल्या शहरांनी प्रचंड मोठे सार्वजनिक पूल बांधले होते. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी काळ्या लोकांना मज्जाव होता. २१ जून १९४९ ला सेंट लुईस शहरानं फेअरग्राउंड पार्कचा पूल सगळ्यांना खुला केला आणि त्याच दिवशी गोऱ्या जमावानं काळ्यांना मारहाण केली. पुढे कायद्यानं बंदी उठत गेली, तसे गोरे लोक सार्वजनिक पूल सोडून खासगी क्लबात आणि आपापल्या परसात गेले. काही गावांनी तर पूलच बंद करून टाकले. जेफ विल्ट्सी या इतिहासकारानं 'कॉन्टेस्टेड वॉटर्स' (२००७) या पुस्तकात हे सगळं सविस्तर मांडलंय. थोडक्यात, परसातला पूल हे उकाड्यावरचं उत्तर होतंच, पण 'कोणाबरोबर एका पाण्यात उतरायचं नाही' याचंही होतं.

आता आपल्याकडे वळू. आपला स्विमिंग पूल म्हणजे विहीर आणि तलाव. नागपूरचा जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) गोंड राजांच्या काळातला, अंबाझरी भोसल्यांच्या. खेड्यात तर विहीरच. माझे बाबा पाठीला पत्र्याचा डबा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकले. ही आठवण गोड आहे. पण 'विहीर सगळ्या गावाची' असं म्हणायच्या आधी थांबावं लागतं. सगळ्या गावाची ती कधीच नव्हती.

१८६८ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. घरी पाण्याचा हौद असणं ही बातमी नव्हती, तो उघडणं ही होती. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेनंही तसं ठरवलं. तरी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि खटला थेट १९३७ पर्यंत चालला. याच तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती हे विसरू नका.

मला वाटतं, क्लायंटच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. अमेरिकेत सार्वजनिक पाणी सगळ्यांचं झालं तेव्हा ज्यांना ते नको होतं त्यांनी घरी पूल बांधले. आपल्याकडे ती गरजच पडली नाही, कारण सार्वजनिक पाणीच काही जणांनी खासगी करून ठेवलं होतं. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २०१६ मध्ये आपल्याच विदर्भात, वाशीम जिल्ह्यातल्या एका मजुरानं बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून चाळीस दिवस एकट्यानं खोदून स्वतःची विहीर काढली. त्या पाण्यावर मग शेजारपाजारही जगला.

त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर. म्हणजे वर मांडलेला आपला पूल = एक वाघीण. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं पाण्यामुळे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले, त्यात आमच्या वाटेवरच्या जामठ्याचेही होते. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेलं आणि खुद्द नागपुरात आठवड्यातले काही दिवस नळ बंद ठेवावे लागले.

आता वर्धा रोडच्या टाउनशिपच्या जाहिरातींत निळाशार पूल असतोच. गेटच्या आत ज्यांचं घर, त्यांच्यासाठी. बाहेर विहिरी आटल्या, त्यांच्या जागी सहा इंची बोअर आले. बोअरमध्ये उडी मारता येत नाही. मग पोरं खाणीच्या खड्ड्यांत आणि तलावांत उतरतात, आणि उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येत राहतात.

शेवटचं गणित. २५ बाय १० मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल सार्वजनिक पूल म्हणजे साडेतीन लाख लिटर, आपल्या घरगुती पूलच्या सातपट. पण दिवसाला ३०० पोरं आली तर माणशी १,२०० लिटरसुद्धा नाही. घरच्या पूलमध्ये चौघांना माणशी १२,०००. तेव्हा घरी पूल नाही याचं मला काडीचं दुःख नाही. हवा आहे तो एमआयडीसीच्या कामगारांची पोरं आणि टाउनशिपमधली पोरं एकाच पाण्यात उतरतील असा, तिकीट काढून पोहायचा, जीवरक्षक असलेला साधा सार्वजनिक तलाव. कूलर आहेच घरी.