कापलेला दोर

मिहानमध्ये पाळी सुटली की तरुण कामगार मोबाइलवर मारामारीचे चित्रपट पाहतात. मीही पाहतो. बहुतेक मारामाऱ्या सकाळपर्यंत आठवत नाहीत, सिंहगडची आठवते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली मूकपट काढला. त्यात शेलारमामा झालेल्या शांतारामांनी १९३३ साली ‘प्रभात’साठी बोलपट केला. कथेत रायबाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी निघतो, लढाई तेथेच सुरू होते. पुढे ढाल तुटते, तानाजी पडतो, मावळे मागे फिरतात आणि सूर्याजी दोर कापतो. उतरायला वाट नाही, म्हणून त्यानंतरचा प्रत्येक वार पटतो. संपाच्या दिवसांत मला तानाजीपेक्षा सूर्याजीच अधिक आठवे. दोर कापून तोही वरच राहिला होता.