फनोम रुंग

थायलंडच्या ईशान्येकडील ईसान प्रदेशात, बुरीराम प्रांताच्या दक्षिण भागात असलेले ख्मेरकालीन शिवमंदिर. एका मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. ४०० मी. उंचीवर ते उभे आहे. ख्मेर भाषेत नावाचा अर्थ ‘विस्तीर्ण डोंगर’ असा होतो. आज कंबोडियाची सीमा दक्षिणेला आहे. बाराव्या शतकात मात्र हा सारा मुलूख एकाच ख्मेर राज्याचा होता आणि अंगकोरहून फिमाईला जाणारा राजमार्ग इथूनच जाई.

डोंगरावरील सर्वांत जुने अवशेष दहाव्या शतकातील विटांच्या देवळांचे आहेत. मुख्य मंदिर बाराव्या शतकातले. ते बांधवणारा नरेंद्रादित्य हा महीधरपुर घराण्यातला, अंगकोर वाट उभारणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मनाचा नातलग. लढाया गाजवून झाल्यावर त्याने संन्यास घेतला आणि तो या डोंगरावर येऊन राहिला, हे त्याचा मुलगा हिरण्य याने कोरवलेल्या संस्कृत लेखावरून कळते. ख्मेर लेखांतली कालगणना शकाची आहे; मराठी पंचांगात चालते तीच. मंदिराच्या एका ललाटपट्टीवर पाच योगी बसलेले दिसतात. त्यांतला मधला नरेंद्रादित्यच असावा, असे काही अभ्यासक मानतात.

खालून वर जाणारी वाट हाच या स्थळाचा खरा आराखडा आहे. जांभ्याने फरसबंद केलेला १६० मी. लांबीचा मार्ग, दोन्ही बाजूंना कमळकळीच्या टोकांचे वालुकाश्मी खांब, मग पाच फण्यांच्या नागांचे कठडे असलेला पूल आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या पायऱ्या. डोंगर म्हणजे कैलास आणि यात्रेकरू तो पायी चढतो आहे, ही कल्पना कुणी समजावून न देताही पटते. आत मंडप, अंतराळ, गाभारा हा क्रम आपल्या ओळखीचा. नंदी आहे, लिंग आहे, अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळही आहे. पूर्व दारावर नटराज आणि त्याच्याखाली शेषशायी विष्णू. शिवमंदिराच्या दर्शनी दारावर विष्णूला इतकी मानाची जागा मिळालेली पाहून नवल वाटते. रामायण आणि कृष्णकथेतले प्रसंगही जागोजाग आहेत.

पूर्व दारावरची ही शेषशायी विष्णूची ललाटपट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात प्रदर्शित झालेली आढळली. थायलंडमध्ये त्यावरून मोठा लोकक्षोभ उसळला, काराबाव या लोकप्रिय रॉक बँडने गाणेच केले, आणि १९८८मध्ये ती परत आली. सुट्या दगडांची मूळ जागा शोधून ते पुन्हा रचण्याचे काम १९७१पासून चालू होते. तेही पुरे होऊन त्याच वर्षी हे ऐतिहासिक उद्यान लोकांसाठी खुले झाले.

मंदिराची पंधरा दारे एका ओळीत आहेत. त्यांचा अक्ष पूर्वेपासून किंचित उत्तरेकडे कललेला असल्याने उगवत्या सूर्याचा किरण त्यांतून आरपार जातो तो विषुवदिनी नव्हे, तर साधारण ३ ते ५ एप्रिल आणि ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत. सप्टेंबरात पावसाळी ढगांमुळे बहुधा निराशा पदरी पडते. एप्रिलच्या जत्रेत देवांच्या वाहनांची मिरवणूक निघते. तीत अग्नीचे वाहन मेंढा नसून गेंडा असते. ही ख्मेर परंपरा.

पायथ्यापासून जवळच असलेले मुआंग तम हे मंदिर घाईत वगळले जाते, आणि ते चुकीचे आहे. हे फनोम रुंगच्या मुख्य मंदिराहून जुने, सु. अकराव्या शतकातले. मधला मनोरा कोसळून फक्त जोते उरले आहे. पण आवाराच्या चार कोपऱ्यांत काटकोनी वळणाची चार तळी आहेत, त्यांच्या काठावरून नागांची लांब शरीरे फिरवलेली आहेत आणि पाण्यात कमळे फुलतात. एका ललाटपट्टीवर कृष्णाने गोवर्धन उचलला आहे. बाहेर, उत्तरेला, एक किलोमीटरहून लांब असा ख्मेरकालीन तलाव आजही भरलेला असतो. सातव्या जयवर्मनाने राज्यभर बांधलेल्या आरोग्यशाळांपैकी दोन ठिकाणची छोटी देवळेही याच परिसरात आहेत.

आसपासच्या गावांत आजही ख्मेरची उत्तरेकडील बोली बोलली जाते. ज्वालामुखीच्या मातीत रंगवलेले तांबूस-तपकिरी कापड ही चारोएन सूक गावची खासियत. प्राखोन चाय गावचे ‘कुंग चोम’, म्हणजे मिठात मुरवून भाजलेल्या तांदळाचा कूट घातलेली बारीक कोळंबी, चवीला उग्र असते. जवळा खाणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. बुरीरामच्या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हावरही फनोम रुंगचेच मंदिर आहे.

बँकॉकहून शनिवार-रविवारची सहल सहज होते. नांग रोंग गावापर्यंत बस मिळते. तिथे मुक्काम करून पुढे भाड्याची गाडी करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलच्या जत्रेला जायचेच असेल, तर पाणी आणि टोपी घेऊन पहाटेच चढावे. सकाळ चढली की फरसबंदी तापते आणि त्या लांब मार्गावर सावली फारशी नाही.